हर्शेलची हिवाळी पेटी

जानेवारी लागला की ऑलीटा प्रुएटच्या फ्रिजमध्ये लोण्याच्या डब्याशेजारी एक बशी दिसू लागे. त्या बशीत बोटभर लांबीचे रबरी मासे, गांडुळं आणि नांगीवाले झिंगे ओळीने निजलेले असत. चर्चमधली एखादी बाई कॉफीसाठी दूध काढायला जाई आणि दचकून मागे सरे.

"अगं बाई! सिस्टर ऑलीटा, हे खायचं आहे का काय?"

"हो, पण धरणातल्या बास जातीच्या माशांनी. तुझ्यासाठी केक आहे टेबलावर."

तीस-एकतीस वर्षं हे असंच चाललं होतं. हर्शेल, तिचा नवरा, हिवाळ्यात धरणावर बास धरायला जाई आणि त्याची गळाची पेटी ऑलीटा भरून देई, जसा ती त्याच्या जेवणाचा डबा भरे. ही रबरी आमिषं रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी एकेक दोन बोटांत धरून दाबायची. जे कडक झालं ते परत खोक्यात. थंडीतही लोण्यासारखं दबलं तेच पेटीत. "धरणाचं पाणी नि माझा फ्रिज, दोन्ही सारखेच गार," ती म्हणे. दुकानदार मीठ घातलेली आमिषं पुढे करी, मीठ माशाला आवडतं म्हणून. ऑलीटा ती बाजूला सारी. मिठाने आमिष जड होतं आणि गारठ्यात लाकडासारखं ताठरतं, हे तिला ठाऊक होतं. थंडीत मासा आळशी असतो, शेपट्या फडफडवत पळणाऱ्या गोष्टीमागे तो धावत नाही. त्याला बारीक, सरळ शेपटीचं, धुरकट रंगाचं, जवळजवळ निपचित पडलेलं काही तरी तोंडासमोर हवं असतं.

गंमत म्हणजे तिने जन्मात गळाची काठी हातात धरली नव्हती. बाराव्या वर्षी बाप्तिस्म्याच्या वेळी पास्टरने तिला ओढ्यात बुडवून वर काढलं, तेवढंच काय ते तिचं पोहणं. पाणी तिला खिडकीतून बघायला आवडे.

ऑक्टोबरात लाकडं रचता रचता हर्शेल छाती धरून खाली बसला, त्याला उठता येईना. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत दोन जाळ्या, म्हणजे स्टेंट, बसवून त्याला घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, जड उचलायचं नाही, गारठ्यात एकट्याने फिरायचं नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत. ऑलीटाने तिन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या. हर्शेलने नुसती मान डोलावली.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात त्याने बोटीची बॅटरी चार्जिंगला लावली.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" ऑलीटाने विचारलं.

"फिरू नको म्हणाले. बोटीत मी बसून असतो."

"एकट्याने नको म्हणाले."

"मग चल की तू. झिंगा लावून देतो तुला."

"थट्टा पुरे, हर्शेल."

"अगं, घरात बसूनच मेलो तर तूच म्हणशील, मेला बिचारा टीव्हीपुढे."

 भांडून हा माणूस थांबणार नाही हे तिला माहीत होतं. पण एक गोष्ट तिच्या हातात होती.

कड्याखाली, धरणाच्या पलीकडच्या अंगाला, साठ फूट पाणी उभंच्या उभं खाली जातं. हिवाळ्यात मोठे बास तिथेच असतात, आणि धुरकट, सरळ शेपटीची आमिषं तिथलीच. कड्याखाली फोन लागत नाही, दुपारी दोननंतर ऊन येत नाही. उलट चर्चमागचा पाण्याचा फाटा उथळ, चिखलाचा, आणि तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पुरता दिसणारा. तिथे चालतात ते जाडे झिंगे आणि वळणदार शेपटीचे किडे. त्या रात्री तिने प्रार्थना केली, आणि मग धुरकट आमिषांची सगळी पाकिटं भांडी पुसायच्या फडक्यांखाली खणात लपवली. पेटीत नुसते झिंगे आणि वळणदार शेपटीचे किडे भरले. ज्याच्याकडे कड्याचं आमिष नाही तो कड्याकडे जाईल कशाला, असा तिचा हिशेब.

सकाळी दहाला तो निघाला. खिडकीतून तिने बघितलं, बोट चर्चमागच्या फाट्यात शिरली आणि थांबली. देव ऐकतो, तिला वाटलं. तिने घेवड्याच्या शेंगा शिजत लावल्या. अकराला बोट तिथेच. साडेअकराला तिथेच. बाराला ती मक्याची भाकरी ओव्हनमधून काढायला वाकली, आणि वर बघते तो फाट्यात पाणीच पाणी. बोट नव्हती.

आभाळ शिशासारखं झालं होतं. वारा पडला होता, चर्चवरचा झेंडासुद्धा हलत नव्हता. तिने फोन लावला. वाजला नाही. एक वाजता लावला, दोनला लावला. येईल, भूक लागली की येईल, असं म्हणत तिने ताट झाकून ठेवलं. अडीच वाजता ताट पुन्हा उघडून बघितलं, जणू तो त्यात सापडणार होता. मग तिने स्वेटर चढवला आणि शेजारच्या डॉयलच्या दारावर थाप मारली.

"ब्रदर डॉयल, बोट काढ."

"काय झालं, सिस्टर? हर्शेल परत बढाया मारायला लागला का?"

"कड्याकडे गेलाय तो. एकटा."

डॉयलचं हसू मावळलं. "तुम्ही थांबा घरी."

"मी येतेय."

"पाण्यात? तुम्ही?"

"डॉयल, चल म्हटलं ना!"

बोटीत ती मधल्या फळीवर दोन्ही हातांनी कडा धरून बसली. पाणी काळं होतं आणि त्याला वास नव्हता. कड्याची सावली अर्ध्या धरणावर आली होती. सावलीत शिरताच गारठा मानेत घुसला. डॉयलने इंजिन हळू केलं.

हर्शेलची बोट कड्याला टेकून उभी होती. तो पुढच्या खुर्चीत बसला होता, मान खाली, डावा हात बाहेर पाण्यात सोडलेला.

"हर्शेल!"

त्याने मान उचलली. ओठ निळसर झाले होते. "अरे, पाहुणे आले," तो म्हणाला, पण शब्द एकमेकांना चिकटून येत होते.

डॉयलने बोटी एकमेकींना बांधल्या. बोटीच्या तळाला झिंग्यांच्या कापलेल्या नांग्या पडल्या होत्या, शेपट्यांचे गुंडाळे पडले होते, आणि त्या सगळ्यावर लाल पाणी हेलकावत होतं. हर्शेलने काय केलं ते ऑलीटाला एका क्षणात कळलं. कड्यासाठी आमिष नव्हतं म्हणून त्याने हातमोजे काढले, खिशातला चाकू उघडला, आणि जाड्या झिंग्यांच्या नांग्या छाटून त्यातून बारीक, सरळ आमिष बनवत बसला. बधिर बोटांनी. अंगठ्याच्या मुळाशी चाकू खोल गेला. रक्त थांबेना म्हणून त्याने हात गार पाण्यात घातला, आणि गार पाण्यात दुखायचं थांबलं, रक्त नाही.

डॉक्टरांच्या तीन गोष्टींतली तिसरी तिच्या डोक्यातच आली नव्हती. तिने थंडीची आणि एकटेपणाची काळजी केली, आणि पातळ रक्ताच्या माणसाला स्वतःच्या हाताने चाकूपर्यंत नेलं.

"किती वेळ झाला?" डॉयल आपला कमरेचा पट्टा त्याच्या दंडावर आवळत म्हणाला.

"तासभर असेल. मोटर चालू करायला गेलो तर चक्कर आली."

"वर धर हात. वर! बाप रे, डुकराचं पिल्लू कापल्यासारखं झालंय."

ऑलीटाने फडकं दाबून धरलं. ते लगेच ओलं झालं. "मी लपवली ती," ती म्हणाली. "तू इकडे येऊ नयेस म्हणून."

"कळलं मला," हर्शेल म्हणाला. "पेटी उघडल्या उघडल्या कळलं. म्हणून तर दोन तास त्या चिखलात बसलो, तुला खिडकीतून दिसावं म्हणून. एक मासा नाही, ऑली. एक नाही."

पुढचे अठ्ठावीस मैल डॉयलने ट्रक कसा हाकला ते त्याचं त्यालाच माहीत. इस्पितळात नऊ टाके पडले, रक्त चढवावं लागलं. नर्सने विचारलं, इतक्या थंडीत चाकू कशाला चालवत होतात? हर्शेल म्हणाला, "आमिष बेतायला." ऑलीटा भिंतीकडे बघत राहिली.

टाके निघाले त्या दिवशी दोघं ट्रकमधून परतले. घर आलं तसा हर्शेल म्हणाला, "शनिवारी जाणार आहे."

तिला वाटलं होतं आता तरी तो थांबेल. ती स्वयंपाकघरात गेली, खण उघडला, पाकिटं बाहेर काढली. शुक्रवारी रात्री बशी फ्रिजमध्ये गेली. शनिवारी पहाटे तिने एकेक दाबून बघितलं, सहा निवडली. मग डॉयलच्या बायकोचं पाण्यात तरंगवणारं नारिंगी जाकीट अंगात चढवलं आणि हर्शेलच्या आधी जाऊन बोटीत बसली.

तो तिच्याकडे बघत राहिला. "प्रार्थना करणार असशील तर मनातल्या मनात. मासे बुजतात."

कड्याखाली त्याने धुरकट आमिष सोडलं. दोरा सरसर खाली गेला, जातच राहिला, आणि सैल पडला. तो हलला नाही. तीही हलली नाही. कड्यावरून बर्फाचा एक तुकडा सुटून पाण्यात पडला.

"आता काय?" तिने कुजबुजत विचारलं.

"आता काही नाही. थंडीत मासा झटका देत नाही. नुसता तोंडात धरून उभा राहतो. काही कळत नाही."

"मग तुला कसं कळतं?"

"आत्ता होतं त्याहून काही तरी वेगळं वाटतं. तेवढंच."

ती दोऱ्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघू लागली. तोंडातून वाफ येत होती, जात होती, येत होती. पट्टीखालून काढलेला पांढरट अंगठा काठीवर टेकलेला होता. खाली साठ फूट काळोख होता आणि तिच्या बुटांखाली बोटीचा पातळ पत्रा.

वाफ यायची थांबली.

"हर्शेल?"

त्याचा खांदा जरासा पुढे झुकला, डोळे पाण्यावर खिळलेले.

"हर्शेल!"

"श्श," तो म्हणाला, इतक्या हळू की ते खरंच ऐकलं की नाही याची तिला खात्री होईना, आणि पुढची वाफ येईपर्यंत तिने स्वतःचा श्वासही धरून ठेवला.