काऊनकाकी जपानला जाते

माझ्या काकीला काहीही सांगा, तिचा पहिला शब्द ठरलेला असायचा: "काऊन?" आमच्याकडे 'का' असं विचारायचं तर 'काऊन' म्हणतात. पण काकी तो शब्द इतक्या ठिकाणी वापरायची, की आमच्या उंद्री गावात तिचं खरं नाव मागे पडलं आणि ती सगळ्यांची काऊनकाकी झाली. डॉक्टर गोळी जेवणाआधी घ्या म्हणाले, तरी काऊन. एका कीर्तनकारबुवांनाही तिनं भर मंडपात विचारलं होतं. तिच्या विचारण्यात खोच नसे. उत्तर पटलं की मान डोलवायची आणि लगेच तसं वागायला लागायची.

काका गेले तेव्हा तिची चाळिशीही आली नव्हती. वांगी, मिरच्या पिकवून, चिखलीच्या बाजारात बसून तिनं मुलाला शिकवलं. तो नोकरीला पुण्याला गेला, काकी शेतातच राहिली. गावातल्या बायकांचा बचत गटही तीच चालवायची. त्यामुळे भाजी पिकवणाऱ्या बायकांना जपानच्या खेड्यात नेऊन शेतकऱ्यांच्या घरी ठेवायचं, तिथली रीतभात दाखवायची, असं एका संस्थेनं ठरवलं तेव्हा आमच्या भागातून काकीची निवड झाली.

बाबा तिचे थोरले दीर. ते तिच्याशी थेट बोलत नसत. ती ऐकेल अशा बेतानं आईला म्हणाले, "बाईमाणूस, त्यात एकटी. लोक काय म्हणतीन?"

दाराआडून काकीचा आवाज आला, "काऊन? लोकाईले तिकीट मांगून राह्यली का मी?"

बाबांना हसू आवरलं नाही. पुढे पासपोर्टच्या कामाला, आईला मधे घेऊन, तेच तिच्याबरोबर गेले.

मी तेव्हा चिखलीला शाळेत शिकवत होते, म्हणून काकीला जपानी शिकवण्याचं काम माझ्याकडे आलं. मला ती भाषा कुठं येत होती? मोबाइलवर ऐकायचं आणि दोघींनी म्हणायचं. मी नमस्कारापासून सुरुवात केली, तर काकी म्हणाली, "थे राहू दे. 'काऊन'ले काय म्हणतात, थे सांग आधी."

"दोश्ते."

तिला तो शब्द फार आवडला. वांग्यांच्या सरीतून पाणी फिरवताना ती 'दोश्ते, दोश्ते' म्हणत असायची. तिकडं दोन काड्यांनी जेवतात म्हणून घरी बांबूच्या कामट्या तासून त्या काड्यांनी ताटलीतले शेंगदाणे उचलायची. निम्मे चुलीकडे उडायचे. ज्या म्हाताऱ्या बाईंकडे राहायचं होतं त्यांच्यासाठी तिनं आपल्या जुन्या साड्यांची गोधडी शिवली. "तिकडं थंडी असन," म्हणाली.

निघण्याआधी मुंबईत शिबिर होतं. मी सोबत गेले होते. शिकवणाऱ्या बाई तिथल्या चालीरीती सांगत होत्या. भातात काड्या उभ्या खुपसायच्या नाहीत, असं त्या म्हणाल्या.

"काऊन?" काकीनं विचारलं.

"तशी पद्धत आहे."

"पण काऊन?"

सगळा वर्ग हसला. बाई वैतागल्या. "मावशी, तिथं असे प्रश्न विचारलेत तर लोक नाराज होतील. तुम्ही नुसतं बघा आणि मान लववा."

संध्याकाळी काकी जेवली नाही. पिशवी भरायला बसली. शेवटी म्हणाली, "नुसतं पाहाचंच असन तं घरी बसून फोटो पाहीन. मले कायले नेऊन राह्यले? चाल, गावाले जाऊ."

मी म्हटलं, "तू या बाईंच्या घरी थोडीच राहणार आहेस? जिच्या घरी राहशील तिला विचार. ती रागावली तर मग गप्प बस."

तेवढं तिला पटलं.

परत आल्यावर तिनं जे सांगितलं, ते असं. पहिल्याच जेवणाला तिनं भातातल्या काड्यांचं विचारलं, "दोश्ते?" यजमानीण हारूबाई रागावल्या नाहीत. हातातला वाडगा ठेवून त्यांनी काकीला आतल्या खोलीत नेलं. तिथं त्यांच्या मालकांचा फोटो होता, पुढे वाटीभर भात. सोबतच्या दुभाषी मुलीनं सांगितलं, माणूस गेल्यावरच भातात अशा काड्या उभ्या करतात. काकीला आपल्याकडचा पिंड आठवला. तिनं तिथंच बसून हात जोडले. "त्याच दिवशी आमी मैतरणी झालो," ती म्हणाली.

एका दुपारी काकीनं मोबाइलमधला आपला जुना फोटो दाखवला, काकांबरोबरचा. हारूबाईंनी फोटोतल्या कुंकवावर बोट ठेवलं, मग काकीच्या मोकळ्या कपाळाकडे दाखवलं. "दोश्ते?"

नवरा गेला म्हणून, असं काकीनं सांगितलं. हारूबाईंनी आपल्या मालकांच्या फोटोकडे हात केला. माझाही गेला, म्हणाल्या. आणि पुन्हा विचारलं, "दोश्ते?"

"पोरी," काकी म्हणाली, "साऱ्या जगाले इचारत फिरली, अन् हे सोताले कधी इचारलंच नाही."

जपानहून परत येताना काकी एसटीतून उतरली तेव्हा तिच्या कपाळावर ठसठशीत लाल टिकली होती. फाट्यावरची माणसं बघत राहिली. आई घाबरून बाबांकडे पाहू लागली. बाबांनी पुढे होऊन काकीची बॅग उचलली आणि, जन्मात पहिल्यांदा, थेट तिच्याशी बोलले. "घरी चाला. चहा ठेवला आहे."

संक्रांतीला काकीनं हळदीकुंकू केलं आणि गावातल्या सगळ्या विधवांना बोलावलं. काहीजणी आल्या, काही आल्या नाहीत, आणि दोन-तीन सवाष्णी उंबऱ्यावरूनच परतल्या. काकीनं कुणालाही नावं ठेवली नाहीत. पुढच्या वर्षी परत गेलेल्यांपैकी एक आपणहून आली.

लग्न होऊन मी लोणारला आले, त्याच्या आदल्या दिवशीची गोष्ट. हळदीला मंडपात कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, पहिली हळद सवाष्णीचीच हवी. बाबा उठले आणि म्हणाले, "माझ्या लेकीले पहिली हळद तिची काकी लावन."

काकी पुढे आली. मिरच्या तोडून तोडून तिचे हात इतके खरखरीत झाले होते, की हळद लावताना माझ्या गालांना टोचत होते. मी तिला हळू लाव म्हटलं नाही.