नाकासमोर

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना सगळे हळूसर म्हणत. खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचतो कोण? शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि तो घामाघूम झाला की म्हणायचं, "हळू. हळू. घाई कुणाला आहे?" उभा जन्म यात गेला. निम्मं शहर त्यांच्या 'हळू'वर गाडी शिकलं. माणूसही तसाच, नाकासमोर चालणारा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. बायकोला कधी उलटून बोलले असतील, तर ते तिलाच ठाऊक.

आणि हेच हळूसर अधूनमधून एखाद्या रविवारी आपली मोटरसायकल टेम्पोत घालून शहराबाहेरच्या रेस ट्रॅकवर जायचे. तिथे शर्यत नसे. पहिला कोण, दुसरा कोण, कुणी विचारत नसे. रस्त्यावरच्याच गाड्या आणायच्या, त्यांचे आरसे काढायचे, हेडलाइटवर चिकटपट्टी मारायची, चामड्याचा सूट घालायचा आणि पोटभर पळवायच्या. आठवडाभर 'हळू' म्हणून म्हणून जो काय कोंडमारा व्हायचा, तो सर तिथे मोकळा करत. वळणावर गाडी अशी झोपवायचे की गुडघा डांबराला लागे. त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे त्यांचा मेव्हणा, हे बघायला म्हणून एकदा गेला आणि स्वतःच गाडी घेऊन बसला. तेव्हापासून दोघं बरोबर जात. "भावजी, तुम्ही दोन माणसं आहात," तो म्हणायचा. "एक ताईने बघितलाय, एक मी."

मग डोळ्यांचं सुरू झालं. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा, टेबलावरचा कप हाताच्या धक्क्याने पडायचा. डॉक्टरने एका मशीनमध्ये डोकं घालायला लावलं आणि दिवा दिसला की बटण दाबायला सांगितलं. दोन-चार दिवे दिसले, नंतर बराच वेळ दिवाच लागेना. मशीन बिघडलं असं सरांना वाटलं. तसं ते म्हणालेही.

"दिवे लागत होते," डॉक्टर म्हणाला. काचबिंदू होता. दोन्ही डोळ्यांची कडेची नजर गेली होती, समोरचा गोल तेवढा शिल्लक होता. गेलेली नजर परत येत नाही, थेंब टाकून उरलेली टिकवायची. आणि गाडी चालवायची नाही, कुठलीच.

सरांनी घरी येऊन बायकोला सांगितलं, "डोळे कोरडे पडलेत. थेंब दिलेत." तेव्हापासून रोज संध्याकाळी ती त्यांना खुर्चीत बसवून, हनुवटी धरून थेंब घालायची. झाकली मूठ सव्वा लाखाची. मोटरसायकल रस्त्यावर काढणं त्यांनी बंद केलं. रहदारी फार झालीय म्हणाले. शिकवताना ते सारखी मान वळवू लागले. शाळेला वाटलं, सर वयाबरोबर जास्तच काळजी घ्यायला लागलेत.

ट्रॅक मात्र सुटला नाही. सरांनी मनाशी पक्का हिशेब मांडला होता. तिथे आडवं येणारं कुणी नाही, सगळे एकाच दिशेने जातात. आरसे तर मुद्दाम काढतात, कारण मागे बघायचंच नसतं. मागून येणाऱ्याने पुढच्याला सांभाळायचं, असा नियमच आहे. समोरचं दिसतं ना? झालं तर. जगात आपल्यासारख्या माणसासाठी बांधलेली एवढी एकच जागा आहे, असं त्यांना वाटायचं. हिशेबात एक गोष्ट राहून गेली. अपघात झाला की थांबा म्हणून झेंडा दाखवणारे झेंडेवाले ट्रॅकच्या कडेला उभे असतात.

त्या रविवारी दुपारच्या फेरीत सुरुवातीला कुणी कुणी त्यांना मागे टाकून गेलं. सर नेहमीसारखे मधल्या घोळक्यात होते. मग एका लांब वळणानंतर चमत्कार झाला. पुढचा गडी हँडलवरून उठून ताठ बसला आणि हळू झाला. सरांनी त्याला मागे टाकलं. त्याच्या पुढच्याने हात वर केला. हा ट्रॅक सोडून बाहेर पडतोय, असं म्हणून सरांनी त्यालाही मागे टाकलं. मग आणखी एक, मग तिघं एकदम. थकले सगळे, टायर गेले यांचे, सर मनात म्हणाले. सरांचे टायर गेले नव्हते. हात हलके झाले होते, गाडी मनात आणलं की वळत होती. एवढं सुख त्यांना लग्नात झालं नव्हतं. हेल्मेटच्या आत ते मोठ्याने हसत होते.

पुढचं वळण संपलं आणि समोरच्या गोलात अँब्युलन्स उभी राहिली.

ब्रेक मारून, मागचं चाक घसरवत, गाडी अँब्युलन्सच्या दाराशी थांबली. सरांनी मान वळवली तेव्हा बाकीचं दिसलं. झेंडेवाला उडी मारून गवतात पडला होता, लाल झेंडा अजून त्याच्या हातात होता. ज्या डांबरावरून सर आत्ता आले त्याच्या अगदी कडेला एक जण आडवा होता आणि त्याच्या अंगावर वाकून नर्स दोन्ही हातांनी त्याला झाकत होती. आडव्या माणसाच्या हेल्मेटवर पिवळी पट्टी होती. ती सरांनीच चिकटवून दिली होती.

मेव्हणा वाचला. मांडीचं हाड मोडलं होतं, खांदा निखळला होता. सरांची गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावरून गेली होती.

ट्रॅकच्या मॅनेजरने सगळ्यांदेखत विचारलं, "सर, माझी मुलगी तुमच्याकडे गाडी शिकली. म्हणून नीट विचारतो. झेंडा दिसला नाही का तुम्हाला?"

नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न डोळ्यांचा होता. मग डोळ्यांची तपासणी, मग शाळा, मग घरातली खुर्ची.

"दिसला होता," ते म्हणाले.

"मग थांबला का नाहीत?"

"तंद्री लागली होती."

मॅनेजरने त्यांच्या हेल्मेटवर चिकटवलेला ट्रॅकचा पास खरवडून काढला. एक जण त्यांच्या बुटांजवळ थुंकला. आंधळा ठरण्यापेक्षा नालायक ठरलेलं बरं, असं सरांना त्या क्षणी खरोखर वाटलं.

घरी बायको हॉस्पिटलमधून आली ती थेट त्यांच्यासमोर उभी राहिली.

"झेंडा दिसला होता म्हणे तुम्हाला."

"हो."

"आणि तो? तो पडलेला दिसला होता?"

सांगायला एक शब्द पुरला असता. तो त्यांना काढता आला नाही, आणि मग वेळ निघून गेली. बायकोने ताट वाढलं, थेंबांची बाटली ताटाशेजारी ठेवली आणि ती आत गेली. खुर्चीत बसून सरांनी स्वतःच थेंब घातले. निम्मे गालावरून खाली आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेलरबाईंचा तास होता. पन्नाशी उलटल्यावर गाडी शिकायला आलेली ही बाई शिलाई मशीनच्या सवयीने क्लच दाबायची आणि स्वतःच हसायची. सर शेजारी बसले, पाय ब्रेकवर ठेवला, नाकासमोर बघत राहिले. दुकानांच्या रस्त्यावर गाडी एकदम थांबली. सरांचं डोकं पुढे जाऊन मागे आलं. मग त्यांच्या समोरच्या गोलात, त्यांच्याच बाजूने, एक सायकलवाली आली आणि निघून गेली. सरांचा पाय ब्रेकवर होता. तो हललाच नव्हता.

टेलरबाईंचा चेहरा फुलला होता. "बघितलंत? गल्लीच्या तोंडापासून बघत होते मी तिला. इतके दिवस माझ्या आधी तुमचा ब्रेक लागायचा. आज मी तुम्हाला मागे टाकलं."

सरांनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. हे सुख त्यांच्या ओळखीचं होतं. ते कुठून येतं, हेही आता ओळखीचं होतं.

"छान मारलात ब्रेक," ते म्हणाले. "गाडी शाळेकडे घ्या."

"अहो, तास कुठे संपलाय अजून?"

"माझा संपला."

सरांचं काहीतरी बिनसलंय, असं समजून तिने गाडी वळवली. सरांनी पाय ब्रेकवरून काढला आणि सीटखाली ओढून घेतला. शाळेच्या दारापर्यंत टेलरबाईंनी गाडी एकटीने नेली, आणि सगळ्या वाटेत सरांनी एकदाही 'हळू' म्हटलं नाही.