बारा व्होल्टचं स्वराज्य

जबलपूरला आमच्या मदन महलच्या घरात उन्हाळ्यात वीज दुपारी जेवणं झाली की जाते आणि चहाच्या सुमाराला परत येते. मधल्या वेळात ती कुठे असते हे कोणी विचारत नाही. खालच्या मजल्यावर आम्ही नवराबायको ओला टॉवेल डोक्यावर घेऊन निभावतो. आई मात्र वरच्या खोलीत असते आणि तिला दमा आहे. खाली रस्त्याची धूळ येते म्हणून ती वर राहते, आणि वर पंखा बंद पडला की खिडकीशी खुर्ची ओढून प्रत्येक श्वास पारखून घेतल्यासारखा घेत बसते.

गेल्या उन्हाळ्यानंतर धाकट्या भावाने नागपूरहून फोन केला. त्याच्या फ्लॅटला जनरेटर आहे, लिफ्ट आहे, खाली दवाखाना आहे. आईला आता कायमचं तिकडे नेतो, असं तो म्हणाला. आई म्हणाली, पाडव्यापर्यंत बघू. तो दरवर्षी पाडव्याला इकडे येतो, कारण गुढीला लागणाऱ्या साखरेच्या गाठी आईला नागपूरच्याच हव्या असतात. यंदा येताना त्याने परतीचं तिकीट दोघांचं काढलं.

मला आई जायला नको होती. पण हे मी कोणालाच सांगितलं नाही. मी असं म्हणालो, की विजेच्या बाबतीत आपण स्वावलंबी व्हायला हवं.

मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. स्वायत्तता, सार्वभौमत्व, सत्तेचं विकेंद्रीकरण हे सगळं मी इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, की घरातला फ्यूज बदलायला शेजारच्याला हाक मारावी लागते याची मला कधी लाज वाटली नाही. निवृत्तीनंतर मी सौरऊर्जेवरची तीन पुस्तकं वाचली आणि काही व्हिडिओ पाहिले. बायको म्हणाली, साधा इन्व्हर्टर घ्या आणि मोकळे व्हा. मी तिला समजावलं, की इन्व्हर्टर चार्ज होतो तो त्याच सरकारी विजेवर, म्हणजे राजाकडून दारूगोळा उसना घेऊन राजाविरुद्ध बंड करण्यासारखं आहे.

"अहो, बंड झालं की सिलिंडर बदला," ती म्हणाली. "संपलाय."

सौर पॅनेल मला जवळच्या सिहोऱ्याला मिळालं. बंद पडलेल्या एका ढाब्याच्या छपरावरून उतरवलेलं होतं. जुनं असल्यामुळे स्वस्त आणि स्वस्त असल्यामुळे मला तत्त्वाला धरून वाटलेलं. ते जुन्या सतरंजीत गुंडाळून मी बसने आणलं. शेजारच्या सीटवरच्या गृहस्थांनी बराच वेळ पाहून विचारलं, "चाचाजी, टीवी है?" मी त्यांना प्रकाशाचं विजेत रूपांतर कसं होतं ते सविस्तर सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि उतरताना म्हणाले, अच्छा, मतलब टीवी नहीं है.

बॅटरी एका ई-रिक्षातून निवृत्त झालेली होती. आम्ही दोघं एकाच परिस्थितीत होतो, त्यामुळे मी तिला जास्त प्रश्न विचारले नाहीत. पंखा बारा व्होल्टचा, बॅटरीवर चालणारा. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक छोटी डबी लागते, तिला कंट्रोलर म्हणतात. बॅटरी जास्त भरू द्यायची नाही आणि पार रिकामीही होऊ द्यायची नाही, हे तिचं काम, म्हणून पंख्याची तारही तिच्यातूनच जाते. पहिल्या कंट्रोलरला मी तारा उलट्या जोडल्या. लाल तार लाल खुणेकडे न्यायची हे तिन्ही पुस्तकांत होतं, पण चष्मा खाली राहिला होता. डबीतून जळक्या शेंगदाण्यासारखा वास आला. घरात कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही, पण दुसरी डबी आणायला निघालो तेव्हा बायकोने न विचारता चष्मा हातात दिला.

आईला या उद्योगात एकच गोष्ट खटकली. पॅनेलचं तोंड दक्षिणेकडे होतं.

"काहून रे, दुसरी दिशा नाही भेटली?" ती म्हणाली. "तिकडे यम राहते."

जबलपूरच्या आकाशात सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेकडे कललेला असतो, हे मी तिला संत्रं आणि टॉर्च घेऊन दाखवलं. तिने संत्रं सोलून खाल्लं. दुसऱ्या दिवशी पॅनेलच्या चौकटीवर हळदकुंकवाचं बोट लागलेलं होतं, आणि त्या दिवसापासून ती त्याला सूर्यनारायण म्हणू लागली. तुझा सूर्यनारायण आज काही देऊन राहिला का, असं ती वरून विचारायची. देत असायचा. पंखा आणि एक दिवा सहज चालत होता. दुपारी वीज गेली तरी आईच्या खोलीतला पंखा फिरत राहायचा, आणि मी खाली पेपर वाचतोय असं दाखवून त्याची घरघर ऐकत बसायचो.

हे यश मला झेपलं नाही. मराठी मंडळाने मला सौरऊर्जेवर बोलायला बोलावलं, आणि मी गेलो. विषय मीच सुचवला होता: "ऊर्जा आणि स्वराज्य: एक चिंतन". चिंतन मध्यावर आलं असताना हॉलमधली वीज गेली. मी अंधारातच बोलत राहिलो. शेवटी टाळ्या पडल्या तेव्हाच नेमके दिवे लागले. टाळ्या कोणत्या घटनेला होत्या याचा मी शोध घेतला नाही.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी भाऊ आला. त्याने गाठींचा पुडा आईकडे दिला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "दादा, तुझं वीज मंडळ कुठे आहे?" मी त्याला वर नेलं. पंखा पूर्ण वेगावर लावला, दिवा लावला, मग त्याचा फोन चार्जिंगला लावला, त्याची पॉवर बँकही लावली. वीज गेलेली नव्हती. तरी मी जेवणापासून झोपेपर्यंत सगळं बॅटरीवरच चालू ठेवलं, म्हणजे त्याला जनरेटरची आठवण यायला नको. आई म्हणाली, मला थंडी वाजून राहिली. मी तिला शाल दिली.

सकाळी पंखा बंद होता. बॅटरी रिकामी झाली म्हणून कंट्रोलरने पुरवठा तोडला होता, आणि त्याचा तो धर्मच होता. मी भावाला सांगितलं, काळजी नको, ऊन वर आलं की थोडी बॅटरी भरेल आणि पंखा आपोआप सुरू होईल. ऊन वर आलं. आईने गुढी उभी केली. आम्ही चहा घेतला. ऊन आणखी वर आलं. पंखा ढिम्म. भाऊ आईची औषधं एका पिशवीत भरायला लागला. ते मला टोमण्यापेक्षा वाईट होतं.

मी पाना, स्क्रूड्रायव्हर आणि चष्मा घेऊन गच्चीवर गेलो. आधी तारा तपासल्या, मग डबी. पॅनेल पुसलं. ढाब्याच्या मालकाला मनात चार शब्द सुनावले. बॅटरीने दगा दिला असं ठरवून तिच्याबद्दल निवृत्त माणसांना लागू होतील असे काही विचार केले. पॅनेलवर एक जांभळी सावली हलत होती, ती मला कितीतरी वेळ दिसत होती आणि तिचा अर्थ लागत नव्हता.

आमच्याकडे गुढी गच्चीच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात, कठड्याच्या लोखंडी नळीला बांधतात. मला आठवतं तेव्हापासून तिथेच. दरवर्षी गल्लीत कोणीतरी नवा भाडेकरू येतो आणि विचारतो, भैया, ये झंडा किस पार्टी का है, और लोटा उल्टा क्यों है. मीच पॅनेल बसवताना तीन पुस्तकांतून सावलीचे नियम वाचले होते, पाण्याची टाकी, शेजारच्यांचा जिना, निंबाचं झाड, सगळं मोजलं होतं. वर्षातून एकदा त्या कोपऱ्यात आईची जांभळी रेशमी साडी काठीवर चढते, हे माझ्या आकृतीत नव्हतं. पॅनेलमधले काळे चौकोन माळेसारखे एकमेकांना जोडलेले असतात, त्यातल्या थोड्यांवर जरी दाट सावली पडली तरी सगळं पॅनेल मंदावतं. इथे तर अख्खी साडी होती.

मी सगळ्यांना वर बोलावलं. कारण सापडल्याचा आनंद एवढा होता, की कारण माझ्या विरुद्ध जातंय हे लक्षातच आलं नाही. भाऊ हसायला लागला, आणि हसता हसता कठड्याला टेकून खाली बसला. मग म्हणाला, गुढी थोडा वेळ उतरवून ठेवू, काय फरक पडते.

"गुढी संध्याकाळच्या आधी उतरत नाही," आई म्हणाली. "सूर्य सरकेल ना. त्याला कोणी बांधलं आहे?"

बायकोने आईची खुर्ची वर आणून टाकीच्या सावलीत ठेवली, आणि ती नि भाऊ चहा आणायला खाली गेले. मी पॅनेलपाशी उकिडवा बसून साडीच्या सावलीची कड बघत होतो. ती सरकत होती, पण सरकारी कामासारखी. आईला मी सांगत होतो, की पुढे आणखी एक पॅनेल घेता येईल, दोन वेगवेगळ्या ठिकाणी बसवता येतील, आणि विकेंद्रित व्यवस्थेचा हाच तर फायदा आहे.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "हे सगळं तू मला थांबवायसाठी करून राहिला ना?"

मी म्हणालो, मुळात प्रश्न असा आहे की विजेवरचं अवलंबित्व…

"ते मंडळात सांग. मला खरं सांग."

मी स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात घेतला. भाषणाची सवय असलेल्या माणसाला दोन शब्द सापडत नाहीत तेव्हा तो फार केविलवाणा दिसत असणार. सुदैवाने मला मी दिसत नव्हतो.

"जाऊ नको," मी म्हणालो.

आईने मान हलवली. हो की नाही ते त्यावरून कळेना. ती सावलीकडे बघत होती, आणि तिचा श्वास त्या वेळी अगदी साधा, कोणाच्याही श्वासासारखा चालला होता. खालून भाऊ चहा घेऊन आला आणि म्हणाला, दादा, तुझा पंखा फिरून राहिला, पण असा की वारा लागतो की भास होते, सांगता येत नाही. मी बघितलं. सावली पॅनेलवरून उतरून गच्चीच्या फरशीवर गेली होती.

आईने बशीत चहा ओतला.

"पुढच्या पाडव्याच्या आधी तो सूर्यनारायण तिकडे टाकीकडे सरकव," ती मला म्हणाली. "गुढी इथंच राहील."

पुढचा पाडवा, हे भावानेही ऐकलं. त्याने हातातला कप कठड्यावर ठेवला. त्याला वाईट वाटलं होतं, ते लपवायला त्याला माझ्यासारखा विषय नव्हता, म्हणून ते दिसत होतं. मग त्याने खिशातून फोन काढला, आईचं तिकीट रद्द करायला घेतलं, आणि फोनची बॅटरी संपत आलेली बघून मला विचारलं, की चार्जिंगला लावू का, की तुझ्या राज्यात परवानगी लागते. मी म्हणालो, खाली लाव, सरकारी विजेवर.