गुडघेदुखीचा अर्ज
डिझेलचा वास आला की धुळ्याच्या कचेरीबाहेरील माझे अर्जलेखनाचे टेबल आणि साक्रीकडचे एक आबा आठवतात. त्यांचा मुलगा समुद्रात कंत्राटी कामावर होता. तिथे तळाखाली सापडलेले तेल किती दूरवर पसरले आहे, हे अजमावण्यासाठी आणखी एक विहीर खोदली जात होती. "भाऊ, तेनी मायना गुडघा दुखस. पोऱ्याले आठ दिन सोडा, इतलंच लिखा," आबा म्हणाले. "आबा, गुडघ्यासाठी समुद्रातून कोणी सोडत नाही," असे सुनावून मी अनुभवसिद्ध लेखणीने 'माता अत्यवस्थ असून पुत्राच्या अंतिम दर्शनाची आस धरून आहे' असे लिहिले. वाचून दाखवताच आबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. ते मला कौतुकच वाटले. चार दिवसांनी मुलगाच टेबलाशी उभा राहिला. कामाच्या कपड्यांना डिझेलचा वास होता, डोळे सुजलेले होते. "माय भाकरी थापी ऱ्हायंती, भाऊ," तो म्हणाला, "अन् वाटभर मी तिले मनमा जाळत उनू." खोदकाम थांबत नसल्याने त्याच्या जागी दुसरा माणूस कायमचा घेतला गेला होता. आता मी आजार सांगितला तेवढाच लिहितो. त्या अर्जाची माझ्याकडची स्थळप्रत मात्र मला अजून फाडवत नाही.