बिनपंख्याचा लॅपटॉप

सर्व नातेवाईक, शेजारी आणि हितचिंतक यांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, विजेवर चालणारी कोणतीही वस्तू खरेदी करण्याचा माझा अधिकार आमच्या घराने तहहयात काढून घेतला आहे. इस्त्रीसुद्धा नाही!

शाळेतून निवृत्त झाल्यावर माझ्या बायकोने, मंजिरीने, उकडीच्या मोदकांचा ऑनलाइन वर्ग काढायचं ठरवलं. पहिला तास चाचणीचा. सहा बायका बघणार, पटलं तर नाव नोंदवणार, नाहीतर राम राम! तीन आठवडे ती झोपेतसुद्धा उशीच्या अभ्र्याला पाकळ्या पाडत होती.

"मी आपली फोनवरूनच घेते," ती म्हणाली.

"फोनवरून? वर्ग घेणारेस की वाण्याला यादी सांगणारेस?" असं गरजून मी बुधवार पेठ गाठली आणि तिथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका दुकानातला सर्वांत स्वस्त, सर्वांत चपटा लॅपटॉप उचलला.

"याचा प्रोसेसर वीज कमी खातो ना?" मी विचारलं.

"कमी खातो," दुकानदार वर न बघता म्हणाला.

"आणि काम?"

"तेही कमीच करतो."

(पुण्यातला दुकानदार गिऱ्हाइकाशी खरं बोलला, आणि मी ते विनोद समजून मनसोक्त हसलो!)

"यात पंखाच नाही!" मी घरी येऊन जाहीर केलं. "आवाज नाही, बॅटरी दिवसभर!"

"मग तापला की?"

"अगं, तो तापत नाही म्हणूनच पंखा नाही!"

रविवारी सकाळी मी स्वतःला तांत्रिक संचालक नेमलं आणि लॅपटॉप ओट्यावर, नमुन्याचे मोदक वाफत असलेल्या मोदकपात्राला खेटून ठेवला. म्हणजे वाफ जवळून दिसेल! दहा मिनिटांत त्याने मान टाकली. मंजिरी उकड मळायला लागली, तरी पडद्यावर ती अजून पाणीच उकळत होती.

"ताई, आणखी किती उकळायचं?" वारज्याच्या अनघाताईंनी विचारलं. "माझ्या पातेल्याचा तळ दिसायला लागला!"

"अहो, माझी उकड मळूनसुद्धा झाली!"

"इथे तर तुम्ही आत्ता झाकण उचलताय!"

मी लॅपटॉपला खालून हात लावला. त्यावर भाकरी टम्म फुगली असती! मंजिरीची आमच्याकडे पाठ होती. मनात म्हटलं, दोन मिनिटं कॅमेरा बंद करू आणि याला गार करून आणू. कॅमेऱ्याचं बटण दाबलं. काहीच होईना. म्हणून पुन्हा दाबलं. आणि दह्याचं पातेलं बाजूला सारून लॅपटॉप उघडाच सरळ फ्रिजमध्ये ठेवला! चार्जरची वायर आडवी आल्यामुळे दार पुरतं लागलं नाही, पण म्हटलं, असू दे, तेवढीच हवा खेळती राहील.

आता त्या प्रोसेसरचा न्याय बघा. पहिल्या दाबाने त्याने सावकाश कॅमेरा बंद केला आणि दुसऱ्या दाबाने तितक्याच सावकाश पुन्हा चालू केला. दार उघडं, म्हणून आत दिवा लख्ख. आणि समोर होता मी आदल्या दिवशी दह्याच्या पातेल्यामागे लपवलेला पारदर्शक डबा. मिठाईच्या दुकानातल्या एकवीस तयार मोदकांचा!

इकडे मंजिरी शाळेतल्या सवयीने खड्या आवाजात शिकवतच होती, "विकतच्या मोदकांचं नाव काढू नका! आमच्या घरात ते कधी शिरलेसुद्धा नाहीत!"

एवढ्यात तिचा फोन वाजला. तिचे हात पिठाचे, म्हणून मी उचलला आणि (बुद्धी कशी फिरते पहा!) स्पीकरवर टाकला.

"ताई, आवाज येतोय," अनघाताई म्हणाल्या, "पण दिसतोय तो फ्रिज. आणि फ्रिजमध्ये मोदकांचा डबा."

मंजिरीने फ्रिज उघडला.

"अहो, हे काय आहे?"

"लॅपटॉप."

"त्याच्या समोर?"

"ते... तयारी म्हणून. तुझे फुटले असते तर..."

"माझे? फुटले असते?"

आणि गार झाल्याबरोबर त्या नतद्रष्ट लॅपटॉपमध्ये प्राण आले! चित्र आरशासारखं, आवाज टाळीसारखा. सहाच्या सहा बायकांनी ही चकमक एका क्षणाचाही खंड न पडता पाहिली. मी डोळे मिटले. तीन आठवड्यांची मेहनत मी एका डब्यात घालवली होती.

मंजिरी मात्र माझ्याकडे बघेना. तिने लॅपटॉप बाहेर काढला, मोदकपात्र उघडलं, वाफाळता मोदक ताटलीत घेतला आणि कॅमेऱ्यापुढे धरला. एकही पाकळी उकललेली नाही. मग वर तुपाची धार सोडून तो मोडला. सारण अलगद ओघळलं.

पलीकडे पूर्ण शांतता.

मला वाटलं, पुन्हा अडकला! तेवढ्यात अनघाताईंचा आवाज फुटला,

"ताई, माझं नाव लिहून घ्या! फक्त पुढच्या तासाला लॅपटॉप बाहेर राहू द्या आणि काकांना फ्रिजमध्ये ठेवा!"