शकुबाईनं पाहिलं ते

माझ्या सासूचा, शकुबाईचा, कशावरच पटकन विश्वास बसत नसे. दुकानदारानं तूर चांगली आहे म्हटलं की ती पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची तूर वर काढायची. शेजारणीनं अमकीची सून गोरी आहे म्हटलं, की काहीतरी निमित्त काढून स्वतः पाहून यायची आणि मग सांगायची, "पावडर हाये." सौंसरच्या आमच्या वस्तीत सगळ्या तिला टरकून असत. मीही. मला पाहायला आली तेव्हा तिनं माझी हनुवटी धरून दात पाहिले होते, बैलबाजारात पाहतात तसे! तो राग मी बरीच वर्षं मनात जपला.

ती संत्र्याच्या बागांत तोडणीला जायची. सासरे लवकर गेले. एकुलता मुलगा देवीदास, माझा नवरा, नगरपालिकेत चपराशी होता. घरात बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता आणि त्याखालोखाल शकुबाईचा शब्द होता.

दोनदा मला दिवस राहिले आणि दोन्ही वेळा तिसरा महिना लागायच्या आत सगळं गेलं. तिसऱ्यांदा राहिले ते शहाऐंशी साली. थोडं अंगावरून जायला लागलं तेव्हा शेजारच्या चंद्रकलाबाई माझ्या सासूला म्हणाल्या, "एक डाव जामसांवलीले नेऊन आणा सुनेले. हनुमानजीच्या पाया पडू द्या."

"तुमचा देव मोठा हाये, मी नाई कुठं म्हणतो?" सासू म्हणाली. "पण तो पोटातलं दाखवते का? नागपूरले मशीन आली म्हणते, पोट न फाडता आतलं दिसते. मी पाहीन, मंगच मानीन."

सौंसरच्या डॉक्टरीणबाईंनीही तेच सुचवलं होतं. त्यांनी मला नीट समजावलं, "लघवी तुंबलेली पाहिजे. भरपूर पाणी प्यायचं आणि तपासणी होईपर्यंत जायचं नाही. पाण्यानं गर्भाची पिशवी वर उचलली जाते, तेव्हा बाळ दिसतं." हे शेवटचं वाक्य मी पदराला गाठ मारून ठेवल्यासारखं लक्षात ठेवलं.

खरं म्हणजे पाणी नागपूरला पोचल्यावर प्यायचं. पण शकुबाईला धीर कुठला! निघतानाच तिनं मला गडवाभर पाणी पाजलं आणि दुसरा गडवा स्वतःच्या तोंडाला लावला.

"तुम्ही कायले पिता, आत्याबाई?"

"तू एकटी तरास काढशीन काय? तू जाशीन तवाच मी जाईन."

सावनेरला बस थांबली. बायका उतरून आडोशाला जाऊन आल्या. आम्ही दोघी पाय आवळून जागेवरच. पुढं रस्त्यात खड्डे लागले तशी शकुबाई ओरडली, "हळू चालव ना रे बापा! भरलेले माठ हायेत गाडीत!" सगळी बस हसली. मीही हसले, आणि हसताना जास्तच पंचाईत झाली. त्या प्रवासात मला पहिल्यांदा ती माझी वाटली.

दवाखान्यातली खोली अंधारी होती. पोटावर काहीतरी गार, चिकट चोपडलं आणि डॉक्टर त्यावरून एक दांडीसारखं यंत्र दाबत फिरवू लागले. दुखत नव्हतं, फक्त आता आपल्याला धरवणार नाही याची धास्ती वाटत होती. मशीनचा पडदा त्यांच्याकडे होता. मला त्यांच्या चष्म्यात करडा उजेड तेवढा दिसत होता. मी त्या चष्म्याकडेच बघत राहिले.

"बाळ आहे," ते म्हणाले. मी श्वास सोडला. मग ते म्हणाले, "पण ठोका दिसत नाही."

"मले दाखवा," शकुबाई म्हणाली.

त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला आणि एका जागी बोट ठेवलं. ती वाकली. कुणाचंही न ऐकणारी ती बाई कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली. मी म्हणाले, "मलेबी पाहू द्या." पण तोवर डॉक्टरांनी यंत्र उचललं होतं आणि पडदा काळा झाला होता.

"आठ दिवसांनी पुन्हा पाहू," ते म्हणाले. "पण आस धरू नका. तुमची यात काही चूक नाही. आता लघवीला जाऊन या."

मी गेले नाही. बाहेर बाकावर बसून राहिले.

"अवं, पोट फुटन ना तुह्यं," सासू म्हणाली.

"नाई जात मी. पाणी गेलं तर ते दिसनार नाई, आत्याबाई. त्याईले म्हना, आजच आनखीन एक डाव पाहा. भरलेलंच हाये अजून."

दुसरी कुणी असती तर शकुबाईनं तिला वेड्यात काढलं असतं. ती माझ्याजवळ बसली. माझा हात तिनं मांडीवर घेतला. मग हळूच म्हणाली, "पुष्पे, पान्यानं नुसतं दिसते व. जितं होत नाई."

तेव्हा कुठं मी उठले. संडासाच्या दाराला कडी नव्हती. ती बाहेरून दार धरून उभी राहिली. आत मी तोंडात पदर कोंबून रडत होते. कुणी आलं की ती बाहेरून म्हणायची, "थांबा जरा, माही पोरगी हाये आत." कितीदा म्हणाली कोण जाणे. मी बाहेर आले तेव्हा तिचं लुगडं खालून ओलं झालं होतं आणि पायाशी पाणी साचलं होतं. तिचे दोन्ही हात दारालाच होते. तीही माझ्याइतकंच पाणी प्यायली होती, हे मी साफ विसरले होते.

मी तिच्याकडे बघितलं तशी ती म्हणाली, "चाल, बस निघून जाईन."

परतीच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी होती. "बसा ना बाई," कंडक्टर म्हणाला. "पाय आखडले बापा," म्हणत ती ओल्या लुगड्यानं सौंसरपर्यंत उभी राहिली.

आठ दिवस व्हायच्या आतच घरी सगळं संपलं. त्यानंतर मला कधी दिवस राहिले नाहीत. चंद्रकलाबाई एकदा म्हणाल्या, जामसांवलीला गेला असता तर. मी त्यांच्याशी वर्षभर बोलले नाही.

पुढं वस्तीतल्या ज्या बाईला नागपूरला पाठवत, ती आधी शकुबाईकडे यायची. सासू सगळं सांगायची. पाणी तिथं गेल्यावर पे, गार लागते, दुखत नाई, भेऊ नको. "अन् बाळ दिसते काय वो?" असं विचारलं की मात्र ती सूप उचलून आत जायची.

तीन वर्षांत काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेले. तरी तूर निवडायला बसायचीच, बोटांनी चाचपून. एका दुपारी आम्ही दोघीच होतो. मी धीर करून विचारलं, "आत्याबाई, त्या दिवशी तुमाले काय दिसलं होतं?"

तिनं सुपात चाचपून एक दाणा उचलला, माझा हात शोधला आणि तळव्यावर ठेवला.

"एवढं होतं," ती म्हणाली. "निजलेलं. मी लय वेळ पाहात राह्यली. मले वाटे, आता हालन, आता हालन."

मी खूप रडले. माझ्या बाळाला डोळे भरून पाहणारं जगात एकच माणूस होतं, आणि आता त्या माणसाला दिसत नव्हतं.