एन्टरशिवायचा गुणफलक

चूक माझ्या प्रोग्रामची होती आणि शिव्या मास्तरांनी खाल्ल्या. वर्षभर मला ते सलत होतं.

मास्तर म्हणजे आमच्या दिवेआगरच्या शाळेतले पीटीचे निवृत्त शिक्षक. गावच्या कबड्डीचे गुण माझ्या जन्माआधीपासून तेच फळ्यावर लिहायचे. चक्रीवादळात तो फळा गेला. मी घरी बसून सॉफ्टवेअरचं काम करते, म्हणून गुणफलक माझ्या गळ्यात पडला. पायथनमध्ये चार ओळी खरडल्या, पाहुण्यांच्या खोलीतला टीव्ही मैदानाकडेच्या सुरूच्या झाडाखाली आणून लॅपटॉपला जोडला. गुण टाइप करायचे, एन्टर दाबायचं. यात काय अवघड?

अवघड हे, की चढाई रंगली की मास्तर एन्टर विसरायचे. अंतिम सामन्यात आम्हाला एक गुण मिळाला, त्यांनी १ दाबला. पुढच्या चढाईला पुन्हा १. मग एन्टर आठवलं. आमचे गुण एकदम अकराने वाढले! शेजारच्या गावचे लोक "चीटिंग मास्तर!" ओरडत टेबलावर धावून आले. चूक दुरुस्त झाली, पण मास्तर उठले ते मैदानाकडे पुन्हा फिरकलेच नाहीत.

मी त्यांच्या घरी गेले तर म्हणाले, "पोरी, फळ्यावर लिवलं म्हंजे लिवलं. वर त्याला सांगाया लागत न्हाय, मी लिवलं म्हनून."

खरंच होतं. टर्मिनल, म्हणजे प्रोग्राम चालतो ती काळी खिडकी, एन्टर येईपर्यंत अक्षरं आपल्याच खिशात ठेवते. ही सवय पायथनमधून मोडता येते हे मला ठाऊक होतं. नुसता आळस केला होता. पहिल्या दणक्यात मी टर्मिनलच्या सगळ्याच सवयी मोडल्या, तर प्रोग्राम थांबवायचं कंट्रोल-सीसुद्धा चालेना. मग दोनच बंद केल्या: ओळ पुरी होईस्तोवर थांबणं आणि दाबलेलं अक्षर पडद्यावर उमटवणं. एकदा प्रोग्राम मध्येच कोसळला आणि टर्मिनल मुकंच राहिलं. काही दिसत नसताना 'रीसेट' टाइप करून सुटले. तेव्हापासून आधीची सेटिंग्ज जपून ठेवते आणि काहीही झालं तरी जाताना परत लावते. शेजारणीचं पातेलं आपण घासूनच देतो ना.

कळांवर टिकल्या चिकटवल्या. लाल आमची, हिरवी पाहुण्या संघाची. एक दाब, एक गुण. मास्तरांनी दाबून पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, पुन्हा दाबलं.

"आनि पुसायचं कशानं?"

खोडायची कळही आता प्रोग्रामला मलाच शिकवावी लागली. तिला पांढरी टिकली लावली. मास्तर तिला डस्टर म्हणाले आणि यायला तयार झाले.

यंदाही गाठ त्याच गावाशी. शेवटची चढाई, पाहुणे एका गुणाने पुढे. आमचा गडी दोघांना शिवून परतला, पंचांनी दोन गुण दिले, लाल टिकली दोनदा वाजली. गाव नाचायला लागलं. तेवढ्यात रेषेवरच्या पंचाने हात वर केला: शिवण्याआधीच गड्याचा पाय बाहेर गेला होता. निर्णय फिरला: आमचा गडी बाद, एक गुण पाहुण्यांना. मास्तरांनी डस्टर दोनदा दाबला, हिरवी एकदा. पंचांचा हात खाली यायच्या आत फलक बरोबर होता.

गेल्या वर्षी सगळ्यात मोठ्याने ओरडलेला पाहुण्यांचा कप्तान टेबलाशी आला आणि मास्तरांच्या पाया पडला. "मास्तर, आमच्या गावच्या सामन्यांना गुण लिवाया तुम्हीच या."

"येतो," मास्तर म्हणाले, "पन ही पोर संगं येल. टिकल्या तिच्या हायत."

आमचं गाव हरलं होतं, आणि मी भर मैदानात आनंदाने रडत होते.